सेनापतीला इतिहास कशाला लागतो?



मला मोठेपणी लष्करात अधिकारी व्हायचे आहे. आमचे आजोबा म्हणतात, "मग इतिहास कशाला घोकतेस? पळायला शीक." पळते मी रोज. पण इतिहासही लागतो. आजोबा आज हे वाचायला येणार आहेत, म्हणून नीट सांगते.

उंबरखिंडीची लढाई घ्या. ही खिंड रायगड जिल्ह्यात चावणी गावाजवळ आहे. सन १६६१. शायिस्ताखान पुण्यात बसला होता. त्याने कारतलबखानाला कोकणात पाठवले. खान फौज घेऊन घाट उतरला. वाट एवढी अरुंद की धड पुढे जाता येईना की मागे वळता येईना. दोन्ही बाजूंना दाट रान. शिवाजी महाराजांचे मावळे झाडीत गपचूप दबा धरून बसलेले. फौज खिंडीत शिरू दिली, आणि मग पुढची वाट बंद, मागचीही बंद! खानाच्या लोकांना पाणीसुद्धा मिळेना. शेवटी तो शरण आला आणि खंडणी देऊन परत गेला.

आता गंमत बघा. १६५९ च्या नोव्हेंबरात जावळीच्या रानात अफझलखानाची फौज अशीच सापडली होती. मधे दीड वर्षसुद्धा गेले नव्हते! घाट उतरण्याआधी कारतलबखानाने "अफझलखानाचे लोक कुठे फसले?" एवढे जरी विचारले असते, तर तो त्या वाटेने गेलाच नसता, असे मला वाटते.

खानाच्या फौजेत माहूरकडची रायबागन नावाची बाई सरदार होती. शरण जा, असे तिनेच खानाला सांगितले, म्हणून माणसे वाचली. ती शत्रूकडची, तरी मला आवडते.

गुरुजींनी ही लढाई आमच्याकडून शाळेच्या अंगणात मांडून घेतली. ओल्या मातीचे डोंगर केले, बोटाने नदी ओढली. चिंचोके म्हंजे खानाची फौज आणि ज्वारीचे दाणे म्हंजे मावळे. मला खान केले म्हणून मी आधी रुसलेच. पण खान झाल्यावर डोक्यात प्रश्न यायला लागले. पाणी कुठे आहे? माघारी फिरायची वाट कुठली? वाट दाखवणारा माणूस कुणाचा? नुसते सन पाठ करून हे सुचत नाही.

माझा मामा फौजेत हवालदार आहे. तो म्हणाला, "आमचे साहेबसुद्धा हल्ल्याआधी वाळूत असेच डोंगर-नाले मांडतात. आणि अधिकाऱ्यांना जुन्या लढाया शिकाव्या लागतात, हरलेल्यासुद्धा."

बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देता येते. तिच्यात इतिहासाचेही प्रश्न असतात. २०२२ पासून तिथे मुलींनाही घेतात. पहिल्या १७ मुली २०२५ च्या मे महिन्यात शिकून बाहेर पडल्या. त्याआधी साताऱ्याच्या सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा आहे. ती मी देणार आहे.

आमची उंबरखिंड अजून अंगणात लिंबाखाली आहे. पालकांनी जाताना बघून जावे. फक्त मावळ्यांवर पाय देऊ नये, ते झाडीत लपलेले आहेत.

– इयत्ता चौथी