विझलेली माळ आणि ओहमचा नियम

गणपतीत दारावर चढलेली दिव्यांची माळ दिवाळीत गॅलरीत येते, नाताळात शरणपूर भागातल्या घरांवर चमकते आणि फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेपर्यंत तिला रजा नसते. भाद्रपदातला पाऊस, दिवाळीनंतरचे दव आणि दुपारचे ऊन सोसून ती बिघडली नाही तरच नवल! विद्यार्थीमित्रहो, अशी माळ फेकून देण्यापूर्वी तिच्याकडून थोडे शिकून घेऊ.

आधी एक घडलेली गोष्ट. आमच्या शेजारचा नववीतला मुलगा गॅलरीतल्या विझलेल्या माळेची तुटलेली तार हाताने पिळून जोडायला निघाला होता. मी हटकले, तर म्हणाला, "सर, बटण बंद केलंय की!" मी तारेच्या टोकाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! बोर्डाच्या जोडणीत बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत बसवले होते. बटण बंद होते, पण फेज माळेपर्यंत पोहोचतच होती.

तुटलेल्या जागी किती व्होल्ट?

जुन्या पद्धतीच्या माळेत ६ व्होल्टचे ४० दिवे एकसर जोडणीत असत. घरातला विद्युतदाब २३० व्होल्ट. तो ४० दिव्यांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला ५.७५ व्होल्ट येतात. आता एका दिव्याची तार तुटली. परिपथ खंडित झाला, धारा शून्य झाली. ओहमच्या नियमानुसार विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. धाराच शून्य, म्हणून उरलेल्या ३९ दिव्यांवरचे विभवांतरही शून्य! मग २३० व्होल्ट गेले कुठे? ते सगळेच्या सगळे त्या तुटलेल्या फटीच्या दोन टोकांत येऊन बसतात. पेटलेल्या माळेत एका दिव्यावर पावणेसहा व्होल्ट, तर विझलेल्या माळेतल्या फटीवर पुरे २३०. म्हणून विझलेली माळ निर्धोक समजू नका. पहिला नियम : बटणावर विसंबू नका, प्लग उपसून बाजूला ठेवा.

अर्धीच माळ का विझते?

आजच्या माळांत बहुधा एलईडी असतात. त्यांचे काही गट केलेले असतात. गटातले दिवे एकसर, पण गट एकमेकांना समांतर. त्यामुळे एक दिवा गेला की त्याचा गट तेवढा विझतो.

दोषी दिवा शोधण्यासाठी दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक जोडा, म्हणजे ४.५ व्होल्ट झाले. एका तारेत १५० ओहमचा रोध घाला. प्लग काढलेल्या माळेतील विझलेल्या गटाच्या दिव्यांची टोपणे एकेक करून सरकवा आणि तारांची टोके दिव्याच्या दोन पायांना लावा. पांढरा एलईडी सुमारे ३ व्होल्ट घेतो. उरलेले दीड व्होल्ट रोधावर, म्हणजे धारा १० मिलिअँपिअर. चांगला दिवा लगेच पेटेल. न पेटल्यास तारा उलट करून पाहा, कारण एलईडी एकाच दिशेने धारा जाऊ देतो. तरीही पेटला नाही, तर तो दोषी.

बऱ्याचदा दिवा चांगला असतो, पण त्याचा पायच झिजून तुटलेला आढळतो आणि त्यावर हिरवा थर असतो. हे विद्युत अपघटन! टोपणात शिरलेल्या पाण्यातून दोन पायांमध्ये थोडी धारा वाहते आणि धन बाजूच्या पायाचा धातू विरघळत जातो.

दुरुस्ती

नवा दिवा त्याच रंगाचा घ्या. तांबडा एलईडी सुमारे २ व्होल्टवर चालतो, निळा व पांढरा सुमारे ३ वर. धन-ऋण पाय पाहून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली सोल्डर करा आणि प्रत्येक पायावर वेगळी स्लीव्ह चढवा.

दिवा गाळून तारा थेट जोडण्याचा मोह टाळा. जुन्या माळेतले १० दिवे असे गाळले, तर उरलेल्या ३० वर प्रत्येकी ७.६७ व्होल्ट येतील आणि तेही भराभर जातील.

माळ बाहेर लावायची असेल, तर ती बाहेरच्या वापरासाठीच बनवलेली हवी. प्लगपाशी येणारी तार आधी खाली झोळ देऊन मग वर न्या. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, प्लगात शिरणार नाही.

विचार करा

जुन्या ४० दिव्यांच्या माळेत एकच दिवा गेला आहे. मल्टिमीटरने एका टोकापासून मध्यापर्यंतचा रोध मोजला, तर दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते कळते. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. अशा सहा मापनांत दोषी दिवा नक्की सापडतो. हीच युक्ती एलईडीच्या माळेत का चालत नाही? वर दिलेल्या आकड्यांतच उत्तर दडले आहे.