काळाची भाषा आणि प्रेक्षकाचा अपेक्षाभंग

प्रास्ताविक

डिसेंबर २०१९ मधील एका रविवारच्या संपर्कसत्रात, वसईत, आपल्यासारख्याच एका विद्यार्थिनीने मला जे सांगितले त्यावरून हा घटक सुचला. विरारहून रोज चर्चगेटला नोकरीसाठी जाणाऱ्या या बाईंनी सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन झाशीच्या राणीवरील नवा इंग्रजी चित्रपट पाहिला होता. कसा वाटला, असे विचारले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, राणी वाईट नव्हती. पण ती आपली कोणी वाटली नाही. मुलगी मध्यंतरातच म्हणाली, घरी जाऊ या."

चित्रपट होता 'द वॉरियर क्वीन ऑफ झांसी'. स्वाती भिसे यांनी दिग्दर्शित केलेला आणि देविका भिसे यांची प्रमुख भूमिका असलेला हा ब्रिटिश चित्रपट नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. सर ह्यू रोझच्या भूमिकेत रूपर्ट एव्हरेट, पंतप्रधान पामरस्टन म्हणून डेरेक जॅकोबी असे नामवंत ब्रिटिश नट त्यात होते. मिलिंद गुणाजी, अजिंक्य देव यांच्यासारखे आपल्या ओळखीचे मराठी नटही होते. तरीही त्याचे स्वागत थंडपणे झाले आणि समीक्षाही बहुतांशी प्रतिकूल आल्या. लढाईची दृश्ये तोकडी आहेत, संवाद पाठ केल्यासारखे वाटतात, असे आक्षेप घेतले गेले. मराठी मुळाच्या एका राणीची कथा जगापुढे नेण्याचा हेतू प्रामाणिक होता, याविषयी मला शंका नाही. मात्र हेतू चांगला असून कृती का फसते, हे तपासणे अभ्यासकाचे काम आहे. 'आवडला नाही' या दोन शब्दांवर प्रेक्षक थांबू शकतो. मराठीच्या पदवी परीक्षेला बसणाऱ्याने तेथून पुढे जायला हवे.

अपेक्षाभंगाचे स्वरूप

ऐतिहासिक चित्रपट पाहायला जाणारा प्रेक्षक कोरी पाटी घेऊन जात नाही. झाशीच्या राणीची एक प्रतिमा त्याच्या मनात आधीच असते. शाळेतला धडा, गणेशोत्सवातला देखावा, वि. वा. शिरवाडकरांचे 'वीज म्हणाली धरतीला' हे नाटक, घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी यांतून ती घडलेली असते. चित्रपट तिला धक्का देऊ शकतो, तिच्यात भर घालू शकतो. तिच्याशी त्याचा काही संबंधच जुळला नाही, तर मात्र अपेक्षाभंग होतो.

येथे एक समज दूर केला पाहिजे. पैसा ओतला की ऐतिहासिक चित्रपट साधतो, असे अनेकांना वाटते. सोहराब मोदी यांनी १९५३ साली 'झांसी की रानी' टेक्निकलरमध्ये काढला. रंगीत चित्रपट ही तेव्हा आपल्याकडे अपूर्वाईची गोष्ट होती आणि खर्चात कसलीही कसूर नव्हती. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली. म्हणजे २०१९ चा अपेक्षाभंग काही पहिला नव्हे, आणि त्याचे कारण केवळ तोकड्या खर्चात शोधणेही पुरेसे नाही.

काळाशी विसंगत असलेली गोष्ट कलाकृतीत येणे याला आपण 'कालविपर्यास' म्हणतो. वस्तूंमधला कालविपर्यास चटकन डोळ्यांत भरतो. मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसले तर शाळकरी मुलगाही हसतो. म्हणूनच निर्माते वस्तूंच्या बाबतीत बरेच सावध असतात. स्टॅनली कुब्रिकने 'बॅरी लिंडन' (१९७५) या अठराव्या शतकावरील चित्रपटात रात्रीचे काही प्रसंग मेणबत्त्यांच्या प्रकाशात चित्रित केले आणि त्यासाठी खास भिंगे वापरली. भाषेसाठी एवढा खटाटोप क्वचितच कोणी करतो. भाषेतला कालविपर्यास दिसत नाही, तो ऐकू येतो. आणि ऐकणाऱ्यालाही नेमके काय खटकले ते पुष्कळदा सांगता येत नाही. 'आपली कोणी वाटली नाही' हे त्या विद्यार्थिनीचे वाक्य मला त्यामुळेच मोलाचे वाटते. तिच्या तक्रारीचे मूळ भाषेत होते.

विहिरीवरचा प्रसंग

मूळ साधनाकडे वळू. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक ब्राह्मण. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोझने झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा ते शहरातच होते. परतल्यावर अनेक वर्षांनी त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली.

झाशी पडल्यानंतरचा या पुस्तकातला एक प्रसंग आपण मुळातून वाचावा. काल्पीच्या वाटेवर, पहाटेच्या सुमारास, भटजी एका विहिरीपाशी आहेत. काही स्वार येतात. त्यांतली एक व्यक्ती पुरुषी वेशात, धुळीने माखलेली आणि तहानेने व्याकूळ झालेली आहे. ती राणी आहे. भटजी पाणी काढून देण्यासाठी पुढे होतात. ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढणे तिला रुचत नाही. ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. मग दैवाविषयी चार शब्द बोलते. आपण विधवा, आपल्याला लागते किती, हे ती अर्ध्या शेर तांदळाच्या हिशेबात सांगते.

या प्रसंगात ना तलवारबाजी आहे ना घोषणा. पण भाषेकडे पाहा. भटजी तिला 'बाईसाहेब' म्हणतात. राज्य गेले, तख्त गेले, तरी त्यांच्या तोंडी संबोधन तेच राहते. तीही पराभवाच्या त्या घडीला एका निर्धन भिक्षुकाला 'तुम्ही' म्हणते. या दोन शब्दांत किती गोष्टी सामावल्या आहेत! एकाची सत्ता, दुसऱ्याची विद्या, दोघांचा जातिधर्म, तिचे वैधव्य, आणि या सर्वांपलीकडे जाणारी माणुसकी. आता हाच प्रसंग इंग्रजीत लिहून पाहा. राणी भटजींना जे सर्वनाम वापरील तेच भटजी राणीला वापरतील, तेच इंग्रज सेनापती शिपायाला वापरील आणि आई मुलाला वापरील. आधुनिक इंग्रजीत द्वितीयपुरुषी सर्वनाम एकच उरले आहे. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या आहेत, आणि आपली सगळी नाती त्या पायऱ्यांवर उभी असतात.

भाषाविज्ञानात याला आदरार्थी सर्वनामांची व्यवस्था म्हणतात. ही व्यवस्था नाट्यपूर्ण असते, कारण ती मोडता येते. 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरणे हा अपमान असतो, लडिवाळपणा असतो, कधी विलापही असतो. संवादलेखकाच्या हातातले हे मोठे साधन इंग्रजीत गेल्यावर जवळजवळ नाहीसे होते. इंग्रजी लेखक पदव्या, वाक्यरचना, मौन यांनी ती उणीव भरून काढतो. चांगले लेखक उत्तम रीतीने भरून काढतात. येथे चर्चेला घेतलेल्या चित्रपटात मात्र तसा प्रयत्न फारसा जाणवत नाही. झाशीच्या दरबारातील माणसे एकमेकांशी प्रामुख्याने इंग्रजीत बोलतात आणि सर्वांची इंग्रजी एकाच मापाची वाटते. नाती शब्दांत दिसत नाहीत, म्हणून ती संवादांतून समजावून सांगावी लागतात. समजावून सांगितलेले नाते प्रेक्षकाला शिळे वाटते.

दुभाषा कोठे गेला?

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले. दत्तक पुत्राचा वारसा नाकारून डलहौसीने १८५४ मध्ये झाशी खालसा केली. त्यापूर्वी आणि त्यानंतर राणीने गव्हर्नर जनरलकडे खलिते पाठवले. ते इंग्रजीत भाषांतरित होऊन वरिष्ठांपुढे जात. जॉन लँग या वकिलाला तिने सल्ल्यासाठी बोलावून घेतले. झाशी न देण्याविषयीचा तिचा सुप्रसिद्ध उद्गार याच लँगने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवला आहे आणि तो हिंदुस्थानीत आहे, हे ध्यानात घ्या. मराठी घरात जन्मलेली राणी, बुंदेलखंडातली प्रजा, हिंदुस्थानीतले बोलणे आणि इंग्रजीतला निकाल, असे त्या संघर्षाचे भाषिक चित्र होते. तिचे राज्य ज्या कागदाने गेले, तो कागद तिच्या भाषेत नव्हता.

पडद्यावर राणी आणि कंपनीचा अधिकारी दोघेही अस्खलित इंग्रजी बोलू लागले, की ही भिंत कोसळते. भिंत कोसळली की संघर्षाचा अर्धा भाग गेला. मग उरतो तो दोन इंग्रजी बोलणाऱ्यांमधला वाद, आणि त्यात राणीचा एकाकीपणा कोठेच नसतो. व्यवसायाची अडचण मला कळते: परदेशी प्रेक्षक तळटिपा वाचायला सहसा राजी नसतो. तरीही पात्रांच्या मध्ये एखादा दुभाषा उभा केला असता, आणि त्याने शब्द बदलताना अर्थही थोडा वाकवला असता, तर एका दृश्यात पुष्कळ साधले असते.

मराठीत केले म्हणून साधते का?

आता आपल्या घरातही पाहिले पाहिजे. दोष केवळ परक्या भाषेवर ढकलणे सोपे आहे. मराठी ऐतिहासिक नाटकांनी आणि चित्रपटांनी जी 'जुनी मराठी' रूढ केली, ती कितपत जुनी आहे? पेशवाईतील पत्रे उघडा. 'हुजूर', 'रवाना', 'मजकूर', 'तजवीज' असे फारसी-अरबी मुळाचे शब्द त्यांत पावलोपावली भेटतात. रंगभूमीवरचा पेशवा मात्र पुष्कळदा संस्कृतप्रचुर, अलंकृत मराठी बोलतो. ती भाषा विसाव्या शतकातील नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी घडवली. ती सुंदर आहे, पण ती पेशव्यांची नव्हे. गंमत अशी, की प्रेक्षकाला आता तीच खरी वाटते, आणि एखाद्याने दप्तरातली अस्सल भाषा पात्राच्या तोंडी घातली तर तीच खोटी वाटेल.

शब्दार्थांचेही तसेच. गोडसे भटजींच्या हकीकतीत १८५७ ची घटना 'बंड' म्हणून येते. सावरकरांच्या १९०९ मधील ग्रंथानंतर ती 'स्वातंत्र्यसमर' म्हणून आपल्या मनात रुजली. पुढच्या पिढीने घटनेला नवे नाव द्यावे, यात गैर काही नाही. पण १८५८ मधल्या पात्राच्या तोंडी १९०९ नंतरचा अर्थ घातला, की ते पात्र बोलत नाही, भाषण करते.

'माझा प्रवास'चीही एक कथा आहे. वैद्यांनी १९०७ ची आवृत्ती काढताना भटजींच्या लेखनात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही आवृत्त्यांतील एकेक पान शेजारी ठेवून वाचले, की संपादकानेही आपल्या काळातल्या वाचकाची सोय पाहिली होती हे समजते. चित्रपटकारही तेच करतो. म्हणून भूतकाळाची भाषा जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. ते अशक्य आहे आणि बहुधा कंटाळवाणेही होईल. लेखकाने काय सोडले आणि त्याच्या जागी काय दिले, एवढेच तपासावे. 'बाईसाहेब' सोडले तर त्या आदराला दुसरे घर मिळाले का?

वसईच्या अभ्यासकांसाठी

हे सारे झाशीचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटत असेल तर नकाशा थोडा फिरवून पाहा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो वसईत. त्या तहाने पेशवाईची सूत्रे कंपनीच्या हाती जाऊ लागली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला गेला. त्याच्याच आश्रयाला मोरोपंत तांबे आपल्या मुलीसह आले. तीच पुढे झाशीची राणी झाली. मोरोपंत त्याआधी काशीला ज्या चिमाजी आप्पांच्या पदरी होते, ते बाजीरावाचे धाकटे बंधू. १७३९ मध्ये वसई जिंकणारे, ज्यांचा पुतळा आपण किल्ल्यात पाहतो, ते चिमाजी आप्पा वेगळे. परीक्षेत ही गल्लत दरवर्षी होते.

स्वयंअध्ययनासाठी

१. आपल्या घरात आणि शेजारी कोण कोणाला 'तू', 'तुम्ही', 'आपण' म्हणते याची एक दिवसाची नोंद ठेवा. घरी सामवेदी (कादोडी), वाडवळी किंवा अन्य बोली असेल तर नोंद त्याच बोलीतील रूपांत करा. प्रमाण मराठीत आणू नका.

२. 'माझा प्रवास'मधील विहिरीचा प्रसंग वाचून त्याचे चित्रपटासाठी संवाद लिहा. दोन्ही पात्रांना मिळून दहाच वाक्ये द्या.

३. वसई, डिसेंबर १८०२. खोलीत तिघे आहेत: पेशव्यांचा कारभारी, कंपनीचा कर्नल बॅरी क्लोज आणि एक दुभाषा. तहातील एका कलमावर बोलणे चालू आहे. कारभारी मराठीत बोलतो, क्लोज इंग्रजीत. प्रसंग एका पानात लिहा. क्लोजचे एकही वाक्य लिहू नका. तो काय म्हणाला हे वाचकाला दुभाष्याच्या मराठीतूनच कळले पाहिजे, आणि दुभाष्याने काय गाळले तेही.