ब्रायटन पाहायचं, वर्दिंगला घ्यायचं

ब्रायटनला शिकायला किंवा इथल्या इस्पितळांत नर्स म्हणून नव्याने आलेली मराठी मुलं-मुली हमखास विचारतात, "काकू, खरेदीला कुठे जायचं?" त्यांना एका गावाचं नाव हवं असतं. मी चार सांगते: ब्रायटन, होव्ह, शोरहॅम आणि वर्दिंग. ससेक्सच्या किनाऱ्यावर ही गावं इतकी लागून आहेत की ७०० नंबरच्या बसमध्ये डुलकी लागली, तर एक कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं कळत नाही. ब्रायटन आणि होव्हचा तर १९९७ पासून कारभारही एकच. बाजाराचा स्वभाव मात्र दर गावाचा निराळा आहे. तो ओळखला नाही की खिशाला चाट बसते.

१. द लेन्समध्ये फिरा, पाकीट आतच राहू द्या.

ब्रायटन मुळात कोळ्यांचं गाव. त्या जुन्या गावठाणातले बोळ म्हणजे आजची द लेन्स. काही इतके अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं. जुने दागिने, अंगठ्या, घड्याळं यांची दुकानं ओळीने लागतात. लंडनहून तासाभरात ट्रेनने येणारा पर्यटक हे त्यांचं गिऱ्हाईक, आणि भावही त्याच्याच खिशाचा अंदाज घेऊन लावलेले. साखरपुड्याची अंगठी घ्यायची असेल तर जरूर जा. एरवी काचेतून बघायला पैसे पडत नाहीत.

२. नॉर्थ लेन वेगळी, तिथे वेळ काढून जा.

नावावरून घोटाळा होतो, पण ही स्टेशनाकडून खाली उतरताना लागते. सिडनी स्ट्रीट, केन्सिंग्टन गार्डन्स, गार्डनर स्ट्रीट अशा लहान लहान रस्त्यांची ही वस्ती. वापरलेले कपडे, जुन्या तबकड्या, चामडं न लावता केलेले बूट, मणी, मसाले असं काय वाटेल ते इथे मिळतं. हा भाग पाडून नवीन बांधायचे बेत एकेकाळी शिजत होते. १९७७ मध्ये तो संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि वाचला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, अनिता रॉडिक यांनी केन्सिंग्टन गार्डन्समध्ये 'द बॉडी शॉप'चं पहिलं दुकान उघडलं. भिंतींवरची ओल झाकायला त्यांनी गडद हिरवा रंग दिला, आणि पुढे जगभर तोच त्या दुकानाचा रंग झाला. माझ्या मते नवा धंदा अशाच ठिकाणी जन्मतो, जिथे भिंतीला ओल असते आणि भाडं परवडतं. आता इथली भाडीही पूर्वीची राहिलेली नाहीत, हे दुकानदारांशी दोन मिनिटं बोललात तरी समजेल.

३. गिफ्ट कार्ड मिळालं की लगेच वापरा.

इथल्या लोकांना मोठ्या दुकानांचा मोठा भरवसा असायचा. नॉर्थ स्ट्रीटवरचं हॅनिंग्टन्स १८०८ पासून चालू होतं, ते २००१ मध्ये बंद झालं. वर्दिंगमधलं बील्स २०२० मध्ये गेलं, आणि २०२१ मध्ये डेबनहॅम्सने देशभरची सगळीच दुकानं मिटली. कंपनी बुडाली की कार्डधारक देणेकऱ्यांच्या रांगेत अगदी शेवटी उभा राहतो. ऑफिसातून निरोपाला मिळालेलं कार्ड आठवण म्हणून कपाटात जपणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. आठवण फोटोत ठेवा.

मोठं सगळंच मोडलं असंही नाही. १९६८ साली उघडलेलं चर्चिल स्क्वेअर उघड्यावरचं होतं आणि समुद्राचा वारा तिथे लोकांना टिकू देत नसे. ते पाडून १९९८ मध्ये छपराखालचं नवं बांधलं. फोन, बूट, ऑफिसचे कपडे घ्यायला ते बरं. पाय लहान असतील तर मुलांच्या विभागातले बूट आधी घालून बघा. मुलांच्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर इथे २० टक्क्यांचा व्हॅट नाही.

४. होव्हच्या चॅरिटी शॉपना नाक मुरडू नका.

"दुसऱ्याने घातलेले कपडे?" हा प्रश्न आमच्या आईनेही पहिल्यांदा आल्यावर विचारला होता. तीच आई परत जाताना लोकरीचा लांब कोट घालून गेली. जॉर्ज स्ट्रीट आणि चर्च रोडवर ही दुकानं आहेत. बहुतेक माल दान आलेला, विकायला बसलेली पुष्कळशी माणसं बिनपगारी. इथे गंमत अशी की दान आसपासच्या घरांतून येतं, आणि होव्हमध्ये निवृत्त, खाऊन-पिऊन सुखी माणसं बरीच. त्यामुळे कपडा कसदार निघतो. लोकरीचं काहीही घेताना उजेडासमोर धरा, कसरीची भोकं लगेच दिसतात. चिनी मातीची भांडी बोटाने टिचकी मारून घ्या. घासाघीस मात्र करू नका. इथे ते बरं दिसत नाही, आणि पैसे कुठल्या तरी इस्पितळाला किंवा अनाथ कुत्र्यांना जाणार असतात.

५. बांगड्याचं डोकं मागून घ्या.

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर ताजा बांगडा मिळतो. आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, थोडा जास्त तेलकट. मासळीवाला सवयीने डोकं आणि काटा काढून नुसते तुकडे हातात देतो. तिरफळ घालून आमटी करायची असेल तर सुरी चालायच्या आधी सांगा.

६. रोजचं वर्दिंगमध्ये.

जेन ऑस्टिन १८०५ मध्ये इथे राहून गेली, ऑस्कर वाइल्डने १८९४ मध्ये इथेच नाटक लिहिलं, तरी ब्रायटनकर या गावाला म्हाताऱ्यांचं गाव म्हणून हसतात. हसू द्या. माँटेग्यू स्ट्रीट समुद्राला समांतर, गाड्यांशिवाय, सपाट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ब्रायटनच्या चढांनंतर याचं मोल कळतं. बुधवारी रस्त्यातच आठवडी बाजार भरतो. पडदे, चादरी, कुंड्या, किल्ली बनवणारा, घड्याळाचा पट्टा बदलणारा, ही कामं इथे होतात आणि कोणी घाई करत नाही. गिल्डबोर्न सेंटर ही सत्तरच्या दशकातली इमारत मात्र उदासवाणी. पावसातच आत शिरा.

७. कायद्याचं थोडं.

रविवारी मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात. वस्तू सदोष निघाली तर तीस दिवसांत पैसे परत मागायचा हक्क २०१५ च्या कायद्याने दिला आहे. नुसता विचार बदलला म्हणून दुकानाने पैसे परत करायला हवेत असा नियम नाही. करतात, ते त्यांच्या मर्जीने. म्हणून पैसे देण्याआधी विचारा आणि पावती जपा.

८. महिन्याचा दुसरा शनिवार शोरहॅमचा.

ईस्ट स्ट्रीटवर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. भाजी, पाव, चीज, मध. सुपरमार्केटपेक्षा महाग आहे, खोटं कशाला सांगू? पण मातीसकट आलेलं बीट आणि त्याच सकाळी भाजलेला पाव यांना तेवढे पैसे द्यावेत. स्टेशनापासून चालत पाच मिनिटं. सकाळी लवकर निघा, दुपारी एकला बाजार उठतो.