आंबोळीच्या पिठातून भाषेचे धडे



"काल काय केलंस?" असे बालवाडीत बाईंनी विचारले की काही मुले गप्प राहतात. त्यांच्यापाशी शब्द असतात, पण घडलेली गोष्ट ओळीने सांगायची सवय नसते. ही सवय आपण घरी, स्वयंपाक करता करता लावू शकतो.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले. तेथे लहान मुले स्वतः टेबल मांडीत व सूप वाढीत. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे महागड्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, पाने वापरून मुलांना शिकवले. आपल्या स्वयंपाकघरात असे साहित्य भरपूर आहे.

आंबोळीचेच उदाहरण घेऊ.

१. शनिवारी सकाळी तांदूळ, उडीद डाळ व मेथी मुलाकडून निवडून, मोजून भिजत घालावे. प्रत्येक वस्तूचे नाव घ्यावे. कोरडे-ओले, मूठभर-चिमूटभर हे शब्द हाताने कळतात.

२. संध्याकाळी पीठ वाटल्यावर विचारावे, "उद्या याचं काय होईल?" मुलाला विचार करू द्यावा, उत्तर आपणच देऊ नये.

३. रविवारी मिस्साहून आल्यावर झाकण त्यालाच उघडू द्यावे. "पीठ मोठा झाला" असे ते म्हणाले तर हसू नये. "हो, पीठ फुगलं!" एवढे म्हणावे. पावसाळ्यात आपल्या आंबोलीच्या थंडीत पीठ फुगले नाही, तर "का बरं?" यावर बोलावे.

४. आंबोळ्या खाताना सगळी हकिगत मुलाला सांगू द्यावी : आधी काय केले, मग काय, शेवटी काय. मोठ्यांनी मध्ये तोडू नये.

विळी, विस्तव व तापलेला तवा मात्र मोठ्यांकडेच असावा.

आपल्यातील काही घरांत कोंकणी बोलतात, काहींत मालवणी. आजी 'उदक' म्हणाली आणि शाळेत 'पाणी' म्हटले, तर मूल गोंधळत नाही. त्याला दोन शब्द मिळतात. शाळेसाठी म्हणून घरची भाषा बंद करू नये. घरच्या भाषेत ज्याला गोष्ट सांगता येते, त्याला ती दुसऱ्या भाषेत सांगणे सोपे जाते.

मूल शांत बसावे म्हणून आपण त्याच्या हाती मोबाईल देतो. त्याऐवजी निवडायला तांदळाचे ताट देऊ या. काम थोडे लांबेल, पण मूल बोलू लागेल.