प्रारंभिक वाचन : पारख आणि पाठबळ

'मुलाला वाचता येते का?' या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे 'येते' किंवा 'येत नाही' असे एका शब्दात दिले जाते. वस्तुतः या दोहोंच्या मध्ये अनेक पायऱ्या आहेत. मूल नेमके कोणत्या पायरीवर उभे आहे हे कळल्याखेरीज त्याला पुढची पायरी दाखवता येत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात वऱ्हाडातील एका प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर बसण्याची संधी मला मिळाली. तेथील निरीक्षणांच्या आधारे हा विषय थोडक्यात मांडीत आहे.

प्रथम पारखीविषयी. २००५ साली सुरू झालेल्या 'असर' पाहणीची चाचणी यासाठी फार सोयीची आहे. एका कागदावर सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मुलापुढे आधी परिच्छेद ठेवायचा. तो जमला तर गोष्ट द्यायची. मूल अडखळले तर शब्दांकडे, तेही न जमल्यास अक्षरांकडे यायचे. पाचांपैकी चार शब्द बरोबर आले की ती पायरी त्याची झाली. मात्र चाचणी एकेका मुलाची घ्यावी लागते. वर्गात सारी मुले एका सुरात धडा म्हणतात तेव्हा कोण वाचतो आणि कोण नुसता सूर धरतो हे उमगत नाही. अशा वेळी वाक्याच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवावे. पाठांतर आणि वाचन लगेच वेगळे होतात.

चूक किती झाली यापेक्षा ती कोणती झाली हे अधिक महत्त्वाचे. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांत गोंधळ होत असेल तर ती आकाराची अडचण आहे. ती अक्षरे शेजारी शेजारी मांडून फरक दाखवावा. 'कि' मधील ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, उच्चारली जाते नंतर. येथे डोळा आणि जीभ यांची फारकत होते. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'तऱ्हा' या चार शब्दांत एकच 'र' चार वेषांत येतो. हे सारे एका दिवसात शिकवू गेल्यास मूल गोंधळणारच.

काही चुका मात्र वाचनाच्या नसतातच. 'डोळा' हा शब्द पाहून एका मुलीने 'डोया' म्हटले आणि स्वतःच्या डोळ्याला हात लावला. तिने शब्द ओळखला, अर्थही जाणला. केवळ घरच्या बोलीत उच्चारला. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाचेही तेच. अशा जागी लाल फुली मारली तर मूल वाचन सुधारत नाही, ते तोंड उघडण्याचेच सोडते. मग पुढची कित्येक वर्षे ते मागच्या बाकावर मुकाट्याने बसून काढते. प्रमाण उच्चार पुढे सावकाश शिकवता येतो. गेलेला धीर परत आणणे कठीण.

याउलट 'क-म-ळ' अशी अक्षरे बिनचूक लावूनही काय वाचले ते न सांगता येणारी मुले असतात. म्हणून परिच्छेदानंतर एखादा साधा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता पाठबळ. इयत्तेपेक्षा पायरीनुसार लहान गट करावेत. रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण ती रोज हवीत. अक्षरओळख मुलाच्या स्वतःच्या नावापासून सुरू करावी. मुलांनी सांगितलेली वाक्ये फळ्यावर लिहून तीच वाचायला द्यावीत. रोज एक गोष्ट शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवावी आणि महिन्याने पारख पुन्हा घ्यावी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पुढे शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्याच न्यायाने शिक्षकाने मुलाच्या बोलीच्या अंगणातही का जाऊ नये? २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. परंतु असे लक्ष्य शेवटी गाठायचे असते ते वर्गातच, एकेका मुलाशेजारी बसून. भाषाविज्ञानाच्या तासाला ध्वनी आणि बोली शिकणाऱ्या आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हे काम परके वाटू नये. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. त्यांनी हाती छडीऐवजी आधी हा चाचणीचा कागद घ्यावा, एवढेच सुचवावेसे वाटते.