विहिरीवरचे जुने इंजिन नक्की कोणते?

निफाड, दिंडोरीकडे विहिरींच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये जुनी ऑइल इंजिने अजून पडून आहेत. वीज आली, मोटारी बसल्या आणि इंजिने मागे पडली. पण द्राक्षमणी फुगवणीच्या ऐन दिवसांत लाइट गेली की सगळ्यांना त्यांचीच आठवण होते.

आमच्या विहिरीवरचे इंजिन वडिलांनी जुनेच घेतलेले होते. नेमप्लेट केव्हाच गळून गेली होती आणि अंगावर रंगाचे थर चढले होते. मिस्त्रीने फ्युएल पंपावर ‘मायको’ वाचले, बाहेरून आकार पाहिला आणि सांगून टाकले, “दादा, हे किर्लोस्करचं टीव्ही वन. सेट मागवा.” पिस्टन-लायनरचा सेट आला. नवा पिस्टन जुन्याशेजारी ठेवला तेव्हा घोटाळा उघड झाला. नवा ८७.५ मिलिमीटरचा, जुना ८० चा. फोडलेले खोके दुकानदाराने परत घेतले नाही आणि बागेचे पाणी लांबले ते लांबलेच.

मिस्त्री हाताने चांगला होता, तरी फसला, कारण किर्लोस्करच्या एव्ही वन आणि टीव्ही वन या दोन्हींचा स्ट्रोक ११० मिलिमीटर आहे आणि दोन्ही १५०० आरपीएमला चालतात. फरक बोअरमध्ये, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या जागी. ‘मायको’ या नावाने तर काहीच ठरत नाही. मायको सर्कल ज्याला माहीत आहे त्या प्रत्येक नाशिककराला सातपूरचा नोझलचा कारखानाही माहीत असतो. मायकोचे पंप अन् नोझल अनेक कंपन्यांच्या इंजिनांवर बसत आले आहेत.

आपल्या भागात पुण्याची किर्लोस्कर आली, साताऱ्याची कूपर आली, आणि राजकोटच्या कारखान्यांतून इंग्लंडच्या लिस्टर-पेटरच्या धर्तीवरची इंजिनेही आली. त्यात चाळीस-पन्नास वर्षांची दुरुस्ती मिसळलेली असते. हेड एकाचे, फ्लायव्हील दुसऱ्याचे. वायर ब्रशने रंग खरवडून ब्लॉकवरची ओतीव अक्षरे जरूर वाचा, पण तेवढ्यावर पार्ट मागवू नका. नेमप्लेट असली तरी ती त्याच इंजिनाची असेल याची खात्री नसते.

हेड काढा. वरच्या बाजूला रिंगांनी लायनर झिजलेले असते, तिथे माप जास्त येते. म्हणून पिस्टन बाहेर काढून लायनरच्या तळाशी, जिथे रिंग पोचत नाही, तिथे माप घ्या. स्ट्रोक काढायला, पिस्टन बाहेर घेण्याआधीच, तो सर्वांत वर असताना आणि सर्वांत खाली असताना ब्लॉकच्या वरच्या कडेपासून खोली मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी पुसा. ०.२५, ०.५० असा शिक्का दिसला तर आधी बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकलेला आहे, हे समजा. नोझलच्या अंगावरचा नंबर उतरवून घ्या. दिसायला सारखे म्हणून दुसरे नोझल लावू नका.

हे सगळे पैशाचे झाले. आरपीएमची चूक मात्र जिवावर बेतते. आऱ्यांची दोन मोठी चाके असलेले लिस्टर पद्धतीचे सहा हॉर्सपॉवरचे इंजिन ६५० आरपीएमचे असते. पाणी वाढावे म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवणारे लोक मी पाहिले आहेत. वेग दुप्पट झाला की बिडाच्या चाकावरचा ताण चौपट होतो. असे चाक फुटले तर तुकडे शेडच्या भिंतीलाही जुमानत नाहीत. इंजिनाची ओळख पटेपर्यंत गव्हर्नरला हात लावू नका आणि दुसऱ्या इंजिनाची पुली त्यावर चढवू नका.

बरीच वर्षे बंद असलेले इंजिन थेट हँडल मारून सुरू करायचे नाही. आधी ऑइल बदला, डी-कॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून ठेवा आणि हाताने सावकाश फिरवून पाहा. कुठे अडकले तर जोर लावू नका.

बोअर, स्ट्रोक, आरपीएम आणि नोझलचा नंबर एका कागदावर लिहा आणि जुना पिस्टन बरोबर घेऊनच दुकानात जा. एव्ही वनचे भाग आजही सहज मिळतात. आमचे इंजिन तेच निघाले. तुमच्या शेडमध्ये असे इंजिन असेल तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी एकदा हेड काढून माप घ्या.