चेंडू आणि पेला

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, शिवथर हे स्थान आहे. तेथील घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात घळीलगत धबधबा कोसळू लागला, की त्याचा घोष दूरवर ऐकू येतो. डोंगरातून येणारे हे पाणी कोणाचे कूळ विचारीत नाही. ज्याला तहान लागली असेल, त्याने ओंजळ पुढे करावी. परंतु याच तालुक्यात, सावित्री नदीच्या काठी वसलेल्या महाड शहरात चवदार तळे आहे, आणि एके काळी त्या तळ्याचे पाणी सर्वांना घेता येत नव्हते. गुरेढोरे तेथे पाणी पीत. पण समाज ज्यांना अस्पृश्य म्हणत असे, त्या माणसांना तेथे मज्जाव होता.

माणसाला माणसापासून तोडणारी ही रूढी केवळ पाणवठ्यावर नव्हती. ती शाळेत होती, देवळात होती, आणि खेळाच्या मैदानावरही होती. मैदानावर तिला पहिला मोठा धक्का एका गोलंदाजाने दिला. त्यांचे नाव बाळू पालवणकर.

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील. पालवण या गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. ते चर्मकार समाजाचे होते. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्करात चाकरीला असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्याच्या लष्करी भागात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेली खेळाची साधने गोळा करून बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. शिकवायला कोणी गुरू नव्हता. पाहावे, करून पाहावे आणि चुकले तर पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा होती.

घरची गरिबी असल्यामुळे बाळूंना लहानपणीच कामाला लागावे लागले. पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावरून रूळ फिरवणे, हे त्यांचे पहिले काम. महिन्याला तीन रुपये पगार मिळे. पुढे गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात त्यांना चार रुपयांची नोकरी मिळाली. तेथे सरावासाठी जाळी बांधावी, मैदानावर रेषा आखाव्यात आणि साहेबांना गोलंदाजी करावी, असा त्यांचा दिनक्रम असे. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित इंग्रज फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत. बाळूंनी आपल्याला बाद केले, की दर खेपेस ते त्यांना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. या सरावातून बाळू डाव्या हाताने संथ, पण अचूक आणि फसवा चेंडू टाकणारे गोलंदाज झाले. फलंदाजीचा सराव मात्र त्यांना त्या क्लबात कधीच मिळाला नाही. फळी साहेबांच्या हाती. सेवकाने चेंडू टाकावा, एवढेच.

त्या वेळी पुण्यातील हिंदू खेळाडूंचा एक संघ गोऱ्यांच्या संघाशी सामने खेळू लागला होता. बाळूंसारखा गोलंदाज गावात असताना त्यांना संघात घ्यावे की नाही, असा प्रश्न उभा राहिला. काही सभासदांना बाळू हवे होते. काहींना त्यांच्या जातीची अडचण वाटत होती. बाळूंना बाहेर ठेवणे हा मूर्खपणा ठरेल, असे खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे सांगितले. अखेर बाळूंना संघात घेतले गेले. परंतु ही स्वीकृती मैदानापुरतीच होती.

मैदानावर सगळे गडी एकच चेंडू हाताळीत. बाळूंनी टाकलेला चेंडू क्षेत्ररक्षक झेलत आणि पुन्हा त्यांच्याच हाती देत. तेव्हा कोणालाही विटाळ होत नसे. पण चहाची वेळ झाली, की इतर गडी मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंचा चहा मात्र मंडपाबाहेर, वापरून फेकून देण्याच्या साध्या मातीच्या पेल्यात ओतला जाई. जेवणाच्या वेळी त्यांचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी असे. चेंडू सर्वांचा एक. पेला मात्र निराळा! घटकाभरापूर्वी ज्याच्या पराक्रमावर साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेच बाहेर एकट्याने बसावे, यातील विसंगती त्या वेळी पुष्कळांच्या ध्यानातही आली नाही.

ती ज्यांच्या ध्यानात आली, त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे एक होते. सातारा येथे गोऱ्यांच्या संघाशी सामना झाला, तेव्हा बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून तेथील खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती अगदी टणक केली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. पुण्यात विजयी खेळाडूंचा सत्कार झाला, तेव्हा रानड्यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला. तुम्ही बाळूंबरोबर खेळू शकता, तर त्यांच्याबरोबर बसून खाऊ-पिऊही शकता, असे त्यांनी क्लबाच्या सभासदांना बजावले. पुढे लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंचा गौरव केला.

पुढे बाळू मुंबईस गेले. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात प्रवेशही मिळाला. हळूहळू तेथील सहकारी त्यांच्याबरोबर एका पंगतीस बसू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू व युरोपियन संघांचा गाजलेला सामना झाला. हिंदू संघाने दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघाच्या १९१ आणि १०२ झाल्या. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळू व शिवराम हे दोघेही बंधू त्या संघात होते. पुणे-मुंबईच्या सुशिक्षित हिंदूंनी या दोघांना बरोबरीने संघात घेतले, म्हणूनच हा विजय हाती आला, हे समाजसुधारकांनी लोकांच्या नजरेस आणून दिले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. हा संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद करून इंग्रज जाणकारांची वाहवा मिळवली. ते परत आले, तेव्हा मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र वीस वर्षांच्या एका बुद्धिमान विद्यार्थ्याने लिहिले होते. त्या विद्यार्थ्याचे नाव होते भीमराव रामजी आंबेडकर.

एवढे यश मिळूनही संघनायकाचे पद बाळूंना कधी देण्यात आले नाही. ज्येष्ठता त्यांच्याकडे होती, अनुभव त्यांच्याकडे होता; तथापि नेतृत्वाची वेळ आली, की जात आड येई. १९१३ साली संघनायक झालेले एम. डी. पै यांनी आपल्या सत्काराच्या सभेतच मोकळ्या मनाने सांगितले, की हा मान वस्तुतः माझे मित्र बाळू यांचा आहे. पुढे बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल हे उत्तम फलंदाज म्हणून नावारूपास आले. १९२० साली संघनायक निवडताना त्यांनाही डावलले गेले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि आपल्यावर झालेला अन्याय जाहीर पत्रकाने लोकांपुढे मांडला. त्यांनी कोणास अपशब्द वापरला नाही. केवळ न्याय मागितला. लोकमत त्यांच्या बाजूने झुकू लागले. दोघे बंधू संघात परतले, आणि त्याच वर्षी पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ बाळूंनी संघाची धुरा वाहिली.

अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे नायक झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियन संघावर विजय मिळवला. प्रेक्षक मैदानात धावले आणि त्यांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या सावलीलाही पूर्वी लोक दूर ठेवीत, त्या समाजाचा एक पुत्र आज सर्व जातींच्या खांद्यांवर मिरवत होता.

असेच दृश्य पुढे दूरच्या एका देशात जगाने पाहिले. दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून वर्णभेदाचे कठोर कायदे लागू होते. गोऱ्यांच्या वस्त्या निराळ्या, काळ्यांच्या निराळ्या. शाळा निराळ्या, बसण्याची बाकेही निराळी. या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या नेल्सन मंडेला यांनी सत्तावीस वर्षे तुरुंगवास सोसला. १९९४ साली ते देशाचे अध्यक्ष झाले. रग्बी हा तेथील गोऱ्यांचा आवडता खेळ. त्या संघाचा हिरवा पोशाख काळ्या लोकांना जुलमाचे चिन्ह वाटे. २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्ग येथे जागतिक चषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा मंडेला तोच हिरवा पोशाख अंगावर घालून मैदानात आले. दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १५-१२ असे हरवले, आणि काळे-गोरे सारे नागरिक एकत्र आनंदले. या प्रसंगावर २००९ साली एक गाजलेला चित्रपटही निघाला. परंतु त्या दिवशी मैदानात उतरलेल्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता. संघाचे नायकपद प्रथमच एका कृष्णवर्णीय खेळाडूकडे, सिया कोलिसी यांच्याकडे आले, ते २०१८ साली.

खेळ असा मने जवळ आणतो. पण जवळ आलेली मने तेथेच थांबली, तर काम अपुरे राहते. विठ्ठल संघनायक झाले, त्याच १९२३ सालच्या ४ ऑगस्टला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक तळी आणि विहिरी अस्पृश्यांसही खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात मात्र तेथे जाण्यास कोणी धजत नव्हते.

तेव्हा रामचंद्र बाबाजी मोरे आदी कार्यकर्त्यांनी महाड येथे परिषद भरवली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी तिला साहाय्य केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह शांतपणे चालत तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. ज्या तरुणाने बाळूंचे मानपत्र लिहिले होते, तोच आता समाजाचा नेता झाला होता. त्या दिवशी परिषदेहून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळे बाटले असे म्हणून ते शुद्ध करण्याचा विधीही करण्यात आला. प्रकरण न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि चवदार तळ्यावरील अस्पृश्यांचा हक्क मान्य झाला.

बाळू आणि डॉ. आंबेडकर यांचे राजकीय मार्ग पुढे वेगळे झाले. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. पण १९३७ च्या निवडणुकीत ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि बाळू पराभूत झाले. मार्ग भिन्न असले, तरी आपल्या माणसांना मानाने जगता यावे, ही तळमळ दोघांचीही होती. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले.

बाळूंनी चेंडूच्या बळावर मैदानाचे दार उघडले. त्या दारातून विठ्ठल आत आले आणि संघनायक झाले. परंतु जो समाज खेळाडूस खांद्यावर घेतो, त्याच समाजातील एखाद्या मुलास जर पाण्याच्या घोटासाठी दूर उभे राहावे लागत असेल, तर तो जयजयकार पोकळ होय. चवदार तळ्याच्या काठी हीच उणीव भरून काढण्याचा प्रारंभ झाला. आपल्या राज्यघटनेने १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. तो नियम प्रत्येक पंगतीत, प्रत्येक पाणवठ्यावर आणि प्रत्येक मनात पाळला जाणे, हे पुढील पिढ्यांचे काम आहे.

स्वाध्याय

१. बाळूंनी क्रिकेटचे शिक्षण कसे मिळवले?

२. 'चेंडू सर्वांचा एक. पेला मात्र निराळा!' या वाक्यात लेखकाने कोणती विसंगती दाखवली आहे?

३. विठ्ठल व शिवराम यांनी १९२० साली अन्यायाचा प्रतिकार कोणत्या रीतीने केला? ती रीत तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.

४. बाळू पालवणकर यांची कथा आणि दक्षिण आफ्रिकेतील प्रसंग यांत कोणते साम्य आहे?

५. तळे खुले करण्याचा ठराव झाल्यावरही महाडचा सत्याग्रह का करावा लागला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.